पाककृतीचा धनी कोण?

दिल्लीच्या उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये एक दावा सुनावणीस आला आणि त्याची वार्ता देशोदेशींच्या वृत्तपत्रांनी चवीने छापली. वाद जमिनीचा नव्हता, वडिलार्जित वाड्याचा नव्हता, की एखाद्या कारखान्याच्या भागभांडवलाचाही नव्हता. बटर चिकन आणि दाल मखनी हे दोन पदार्थ जगात प्रथम कोणी केले, एवढ्याचाच तो वाद होता. ‘मोती महल’ या जुन्या उपाहारगृहाचे संस्थापक कुंदनलाल गुजराल यांच्या वंशजांनी, २०१९ मध्ये निघालेल्या ‘दर्यागंज’ या उपाहारगृहांच्या मालकांवर फिर्याद गुदरली. या दोन पदार्थांचे जनक म्हणून दर्यागंजवाले जो मान मिरवितात तो आमच्या घराण्याचा आहे, असे फिर्यादींचे म्हणणे. प्रतिपक्षाचे उत्तर असे की, १९४७ मध्ये दिल्लीत हा धंदा उभा राहिला तेव्हा कुंदनलाल जग्गी हेही त्यात बरोबरीने होते आणि आम्ही त्यांचा वारसा सांगतो. १९४९ साली नोंदलेला भागीदारीचा कागदही त्यांनी पुढे केला. फिर्यादीचे कागद २,७५२ पानांचे आणि मागितलेली भरपाई सुमारे दोन कोटी रुपयांची. फाळणीच्या वणव्यात पेशावर सोडून आलेल्या दोन माणसांनी पोटासाठी दिल्लीत जी चूल पेटविली, तिची राख आता न्यायालयात चाळली जात आहे.

ही बातमी वाचून अनेकांना हसू आले असेल. पण हा प्रकार हसण्यावारी नेण्याजोगा नाही. प्रादेशिक खाद्यपदार्थ ही आता केवळ घरातली बाब राहिलेली नाही. ‘मालवणी’, ‘कोल्हापुरी’, ‘वऱ्हाडी’ ही विशेषणे बाजारात पैसे मिळवितात. शहरातील हॉटेले, मसाल्यांचे कारखाने, पाकपुस्तकांचे प्रकाशक आणि चित्रफिती काढणारे हौशी व धंदेवाईक लोक यांच्या उलाढालीत त्यांना किंमत आहे. जेथे किंमत येते तेथे मालकीचा प्रश्न येतो. आणि मालकीचा प्रश्न आला की ज्याच्यापाशी कागद आहे तो पुढे सरकतो; ज्याच्या हाताला केवळ चव आहे तो मागे राहतो. दिल्लीच्या दाव्याचा निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी हा मोठा प्रश्न त्याने सुटणार नाही.

त्या दाव्यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भांडण आहे ते ‘जनक’ या बिरुदाचे, संकेतस्थळाच्या मांडणीचे, उपाहारगृहाच्या एकंदर रूपाचे. इतर कोणी बटर चिकन रांधूच नये, अशी मागणी करून दोन्ही घराण्यांपैकी कोणाच्याही हाती काही लागले नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने साहित्यकृती, नाट्यकृती, संगीतकृती, कलाकृती, चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांना संरक्षण दिले. पाककृती त्या यादीत नाही आणि हे विस्मरणाने घडलेले नाही. कल्पना सर्वांची, तिचा शब्दाविष्कार ज्याचा त्याचा, या तत्त्वावर तो सारा कायदा उभा आहे. ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आपल्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून उचलला, अशी तक्रार आर. जी. आनंद यांनी केली होती. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली आणि कल्पना, विषय, कथानक यांवर कोणाचाही कॉपीराइट असू शकत नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगितले. अमेरिकेतील एका वरिष्ठ न्यायालयानेही १९९६ मध्ये दह्याच्या पदार्थांच्या एका पुस्तिकेबाबत असाच निर्णय दिला. जिन्नसांची यादी आणि कृतीच्या पायऱ्या म्हणजे कार्यपद्धती. ती साहित्यकृती नव्हे, असे त्या न्यायालयाचे म्हणणे पडले.

मराठी घरातले उदाहरण घेतले तर हे अधिक स्पष्ट होईल. हरभऱ्याची डाळ शिजवावी, कट काढून घ्यावा, गूळ घालून पुरण आटवावे, ते वाटावे आणि कणकेच्या पारीत भरून पोळी लाटावी. हा क्रम कोणा एकाचा नाही, म्हणूनच तो सर्वांचा आहे. परंतु कमलाबाई ओगले यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’त तो ज्या शब्दांत सांगितला ते शब्द त्यांचे आहेत. कमलाबाई १९९९ मध्ये निवर्तल्या. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, या हिशेबाने त्या शब्दांवरचा हक्क २०५९ च्या अखेरपर्यंत टिकेल. आता गंमत अशी की, ‘रुचिरा’चे खरे कर्तृत्व केवळ तिच्या वाक्यांत नाही. ‘अंदाजाने’, ‘चवीपुरते’, ‘बेताचे’ या शब्दांपाशी अडणाऱ्या नवशिक्या मुलीच्या हाती वाटी आणि चमचा ही मापे देऊन तिला निर्धास्त करणे, हे त्या पुस्तकाचे मोठे काम. ती मापे घराघरांत रूढ करण्याचे श्रेय कमलाबाईंना द्यावेच लागते. पण कायदा त्यांची वाक्ये राखतो आणि त्यांची वाटी मोकळी सोडतो. त्यांच्यामागून आलेल्या किती पाकपुस्तकांनी ही वाटी उचलली असेल, याचा हिशेब कोण ठेवणार?

कायद्याची ही रेघ चुकीची आहे, असे आम्हांस वाटत नाही. अथेनिअस नावाच्या प्राचीन ग्रीक ग्रंथकाराने एक मौजेची नोंद करून ठेवली आहे. सायबॅरिस या विलासी नगरात एखाद्या आचाऱ्याने नवा उत्तम पदार्थ काढला, तर वर्षभर तो इतर कोणी करू नये, असा नियम होता म्हणे. नगर लहान होते, आचारी मोजके होते. तेथे तो नियम चालला असेल. आपल्याकडे तो आणावयाचा तर आरंभ कोठून करणार? थालीपीठ प्रथम कोणी थापले? झुणका कोणत्या गावचा? ज्याच्यापाशी वकील आणि दाव्याचा खर्च सोसण्याची ऐपत आहे तो आधी अर्ज करील. मग सात पिढ्या तोच पदार्थ करीत आलेली बाई आपल्याच चुलीपुढे अपराधी ठरेल. पाककृती घराबाहेर जाते, शेजारणीच्या हाती बदलते, सासरी गेलेल्या मुलीबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात पोचते. तिची वाढ होते ती अशीच. धारवाडचा पेढा आज त्या गावाच्या नावाने ओळखला जातो. परंतु तो तेथे रुजविला तो एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडील उन्नावहून आलेल्या ठाकूर कुटुंबाने. स्थलांतर आणि अनुकरण यांना बंदी असती तर ना धारवाडचा पेढा झाला असता, ना दिल्लीचे बटर चिकन.

मग तक्रार कशाची आहे? २०२१ साली लंडनमध्ये घडलेल्या एका प्रकरणातून तिचे स्वरूप नेमके कळते. सिंगापूरच्या शॅरन वी यांनी २०१२ मध्ये आपल्या आईच्या स्वयंपाकघरावर एक पुस्तक लिहिले होते. तिकडे चिनी आणि मलायी संस्कारांच्या मिलाफातून ‘न्योन्या’ नावाची पाकपरंपरा घडली. तिचे ते पुस्तक. पुढे लंडनमध्ये नाव मिळविलेल्या एका शेफचे पुस्तक निघाले. त्यात आपल्या पाककृतीच नव्हे, तर आपल्या घरच्या आठवणीही शब्द फिरवून घेतल्या आहेत, असे वी यांच्या ध्यानात आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्लूम्सबरी या प्रकाशनसंस्थेने ते नवे पुस्तक बाजारातून मागे घेतले. येथे दुखावले काय गेले, हे पाहण्यासारखे आहे. आल्याचा तुकडा केवढा घ्यावा, याबद्दल कोणी जाहीर तक्रार करण्याचा संभव कमी. आई आले कसे वापरी, काय सांगे, कशावर अडून बसे, हे सारे दुसऱ्याच्या आईच्या नावावर गेले, ही खरी जखम. तिच्यावर औषध मिळाले, कारण ते सारे छापील शब्दांत आधीच नोंदलेले होते.

ज्यांचे काहीच छापलेले नाही त्यांचे काय, हा प्रश्न आपल्याकडे याहून फार बिकट आहे. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ निघाले. मराठीतील आरंभीच्या छापील पाकपुस्तकांत त्याची गणना होते. ग्रंथ पुरुषाने लिहिला, चूल मात्र बायकांच्या हाती होती. पुढे बायकाही लिहू लागल्या. पण मराठी पाकपुस्तकांत महाराष्ट्राचे म्हणून जे भोजन नांदले ते मुख्यतः शहरी, पांढरपेशा घरांतले होते. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहिले तेव्हा मराठवाड्यातील दलित समाजांच्या खाण्याची पुस्तकरूपाने तपशीलवार नोंद झाली. जे वाट्यास आले ते रांधून, मांस वाळवून चान्या करून, तेलातुपावाचून चव साधून या समाजांनी जे पाकशास्त्र घडविले, त्याला तोवर पाकशास्त्र म्हणण्याचीही कोणाची तयारी नव्हती. २०२४ मध्ये त्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद निघाला आणि दूरदूरच्या समीक्षकांनी त्याची दखल घेतली. आता उद्या एखाद्या महागड्या हॉटेलाने यातला पदार्थ ‘अस्सल ग्रामीण’ म्हणून ताटात मांडला, तर कायदा त्याला अडविणार नाही; अडवूही नये. पण ज्या वस्तीला त्या खाण्यापायी हिणवले गेले, तिचे नाव त्या हॉटेलाच्या पदार्थपत्रिकेत येईल काय?

पगारी आचाऱ्याची स्थिती तर याहून चमत्कारिक आहे. नोकरीच्या ओघात त्याने काही लिहिले तर वेगळा करार नसल्यास कायद्याप्रमाणे त्या लिखाणाचा पहिला धनी मालक ठरतो. आणि जे त्याने लिहिले नाही, नुसते रांधले, त्याचा धनी कोणीच नाही. कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाने लेखकाला एक वेगळा मान दिला आहे. हक्क विकून टाकल्यावरही ‘हे माझे’ असे म्हणण्याचा अधिकार त्याच्यापाशी राहतो. लेखकाला मिळालेला हा मान आचाऱ्याला नाही, कारण तो लेखक नाही. पदार्थ गाजतो, हॉटेल गाजते, मालकाची मुलाखत छापून येते. भटारखान्यातील माणूस गावी परततो तेव्हा त्याच्या गाठीला पगाराखेरीज काही नसते.

यावर उपाय म्हणून अलीकडे भौगोलिक मानांकनाकडे बोट दाखविले जाते. १९९९ चा हा कायदा २००३ पासून अमलात आला. व्यक्तीला नव्हे तर प्रदेशातील उत्पादकांच्या समूहाला हक्क, आणि तोही कोणाला विकता न येणारा, ही त्यातील कल्पना निःसंशय चांगली आहे. परंतु तिचा व्यवहार कसा झाला? रसगुल्ल्याचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. कलकत्त्याच्या बागबाजारात नोबिनचंद्र दास यांनी १८६८ मध्ये तो केला, असे बंगालचे म्हणणे. जगन्नाथ रथयात्रेहून मंदिरात परततो त्या दिवशी लक्ष्मीला तो नैवेद्य म्हणून दाखविण्याची रीत त्याहून फार जुनी आहे, असे ओडिशाचे म्हणणे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘बांग्लार रसोगोल्ला’ला मानांकन मिळाले तेव्हा बंगालात विजयोत्सव झाला आणि ओडिशात संताप उसळला. जुलै २०१९ मध्ये ‘ओडिशा रसगोला’लाही ते मिळाले. खरे पाहता चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाने रसगुल्ला कोणाचा हे ठरविलेच नव्हते. बंगालच्या रसगुल्ल्याचे गुणधर्म बंगालचे, ओडिशाच्याचे ओडिशाचे, एवढीच ती नोंद. पण दोन्ही सरकारांनी तिचे युद्ध केले आणि वृत्तपत्रांनी त्यास रणवाद्यांची साथ दिली.

महाराष्ट्रात आपण या मानांकनांची मोजदाद अभिमानाने करतो. ती नीट पाहिली तर असे दिसते की बहुतेक खाद्यमानांकने शेतमालाची आहेत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला मानांकन आहे, भरिताला नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला आहे, सोलकढीला नाही. कोल्हापूरच्या गुळाला आहे, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला नाही. हे गैर आहे असे नव्हे. वांगे विशिष्ट मातीत पिकते, भरीत कोठेही भाजता येते. परंतु पदार्थालाच मानांकन द्यावयाचे झाले, तर तो कसा करावा याचे प्रमाण ठरवून द्यावे लागते. हैदराबादी हलीमला २०१० मध्ये ते मिळाले तेव्हा मांस कोणते, तूप कसे, शिजविण्याचे तास किती, हे सारे लिहून द्यावे लागले. असे प्रमाण ठरविण्यास बसतात ते संघटित धंदेवाले. मिसळीचे प्रमाण उद्या कोणी ठरविले, तर पुण्याची पोह्यांची मिसळ खरी की कोल्हापुरी कटाची, या वादात गावोगावच्या मिसळी बाद होतील. शिवाय मानांकन मिळाले म्हणून गावातल्या बाईला चार पैसे मिळतात असे नाही. त्यासाठी तिने अधिकृत वापरकर्ती म्हणून आपले नाव नोंदविले पाहिजे. अर्ज, पुरावे, शुल्क हे सोपस्कार आले. घरोघर मसाले कुटून विकणाऱ्या बचत गटाला ते कोणी समजावून सांगावयाचे? मानांकनाचे प्रमाणपत्र स्वीकारतानाची छायाचित्रे छापून येतात. त्यापुढील कामाला छायाचित्रकार येत नाहीत.

ट्रेडमार्कच्या वाटेनेही प्रदेशाचे नाव बळकावता येत नाही, हे मात्र बरे आहे. बिर्याणीच्या तांदळावरील ‘मलबार’ या शब्दावर एका व्यापाऱ्याने एकाधिकार सांगितला, तो सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला नाही.

तेव्हा पाककृती मोकळी राहावी, पण ती कोठून आली त्याची नोंद आणि उल्लेख व्हावा, यावर आता भर दिला पाहिजे. उल्लेखाला कायदा लागत नाही. पाकपुस्तकाच्या लेखिकेने ‘ही कृती अमक्या गावच्या अमक्या बाईंकडून मिळाली’ असे लिहावे, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांनी ते छापावे, हॉटेलांनी पदार्थाबरोबर गावाचे आणि आचाऱ्याचे नाव द्यावे. यात कोणाचाही तोटा नाही. संगीतात गुरूचे नाव घेताना गायक कानाच्या पाळीला हात लावतो. स्वयंपाकात हा संकेत का रुळला नाही याचे उत्तर शोधू गेल्यास, तो कोणाकडून शिकला जातो आणि त्या माणसांना समाजात काय स्थान आहे, या प्रश्नापाशी आपण येतो.

नोंदीचे महत्त्व हळदीच्या लढाईत दिसून आले. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याच्या कल्पनेवर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करविले. प्रत्येक आजीला जे माहीत होते ते तेथे पुरावा म्हणून चालले नाही. संस्कृत, उर्दू आणि हिंदीतील जुने लेखी आधार हजर करावे लागले. त्या अनुभवातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय कोश सुरू झाला. तो औषधिविद्या आणि योग यांपुरता आहे, आणि परदेशी पेटंट कार्यालयांसाठी असल्याने इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या पाच भाषांत आहे.

खाण्याच्या नोंदीसाठी नवे महामंडळ काढण्याची गरज नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत एक समिती नेमण्यास आणि लोकांना विचारून जैवविविधतेची नोंदवही तयार करण्यास सांगितले आहे. पिके, रानभाज्या आणि त्यांविषयीचे स्थानिक ज्ञान त्यात नोंदावयाचे असते. राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घातल्यावर अनेक ठिकाणी या वह्या घाईघाईने भरल्या गेल्या. त्या पुन्हा उघडाव्यात आणि भाजीच्या नावापुढे ती रांधण्याची रीत, सांगणाऱ्या बाईचे नाव तिच्या संमतीने, आणि तिची अट असल्यास तीही लिहावी. गावच्या शिक्षकाने आणि महाविद्यालयातील चार मुलांनी मनावर घेतले, तर एका सुटीत एका गावचे काम होण्यासारखे आहे. नोंद सांगणाऱ्याच्या बोलीत झाली पाहिजे, एवढे पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. विदर्भात कोथिंबिरीला सांभार म्हणतात. हे लिहून घेणाऱ्याला ठाऊक नसेल, तर सांभारवडीच्या नोंदीत तुरीची डाळ आणि चिंच शिरावयास वेळ लागणार नाही.